वाटणीला आलेले बेडूक

उकंडरावांच्या घरचे बेडूक पाहायचे तर आधी पायांतलं काढावं लागे.

"पह्यले पायतन काढा," ते पडवीतूनच ओरडत. ओरडत म्हणजे कुजबुजत. कारण दुसरा नियम असा होता की तिथे मोठ्यानं बोलायचं नाही. कुजबुजत ओरडण्याची ही कला मी वाशीममध्ये दुसऱ्या कोणाजवळ पाहिली नाही. एकदा कचेरीतला चपराशी समन्स घेऊन गल्लीत आला. त्याला पत्ता विचारायचा होता शेजारच्या घरचा. उकंडरावांनी त्याला पट्टेवाले सरकारी बूट सोडायला लावले, पाच मिनिटं बेडकांपुढे बसवलं, आणि तो बाहेर आला तो समन्स न देताच निघून गेला. शेजारच्यांनी उकंडरावांना नारळ दिला.

मी मात्र कधी वहाणा काढल्या नाहीत. देव, स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खोली, या तीन ठिकाणी वहाणा काढायच्या अशी माझी यादी लग्नाआधीच ठरलेली होती आणि तीत बेडकांचा समावेश नव्हता. त्यामुळे दोन वर्षं मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलले. तिथून काचेवर पडलेली उन्हाची तिरीप दिसे, तिच्यामागे हिरवं काहीतरी दिसे, आणि त्याच्यापुढे उकिडवे बसलेले उकंडराव. मला तेवढं पुरेसं होतं. बेडूक काय, मी लहानपणी पाहिलेले होते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. हे, म्हणजे माझे यजमान, शाळेत मास्तर. म्हणून गल्लीत मी मास्तरीणबाई. आमच्या परसात विहीर होती, तिच्यावर सहा घरं पाणी भरत, आणि कोणी कधी भरायचं याची यादी माझ्याकडे असे. यादी नसती तर रोज सकाळी विहिरीवर कुस्त्या झाल्या असत्या. त्या सहांतलं एक घर उकंडरावांचं. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, विधुर, मूलबाळ नाही. घराणं पिढीजात पानमळेवाल्यांचं. गावाबाहेर अनसिंगच्या वाटेवर दोघा भावांचा नागवेलीचा मळा होता. धाकटा नथुजी मळ्यावरच राही. थोरले उकंडराव गावातल्या घरात.

त्यांच्याबद्दल गावात जी कथा होती ती अशी. भावाभावांत वाटणी झाली. धाकट्यानं जमीन घेतली, विहीर घेतली, बैल घेतले. थोरल्याला पंचांनी विचारलं, तुले काय पाह्यजे? तर हा म्हणे, "मले बेडूक द्या." आणि टोपलीत बेडूक भरून, वर ओलं फडकं बांधून, डोक्यावर घेऊन भर बाजारातून घरी आला. ही कथा न्हाव्याच्या ओट्यापासून तालमीपर्यंत सगळे सांगत, आणि ऐकणारा हसून हसून दमला की शेवटी म्हणत, "अन् टोपलीतून एकानं उडी मारली तं हा सारा बाजार थांबवून त्याले धुंडत होता!" हे शेवटचं मात्र खरं होतं. मी त्या दिवशी मेथी घेत होते. बेडूक माझ्याच पिशवीत सापडला.

माणूस बेडूक घेऊन घरी आला, आता सोडील कुठेतरी डबक्यात, असं मला वाटलं. माझी ही एक चूक आहे. मी माणसांना शहाणं समजून सुरुवात करते.

बाजारातल्या एका हलवायानं दुकान मोडलं होतं. त्याचं मिठाईचं काचेचं कपाट उकंडरावांनी आणलं. चांगलं चार हात लांब, तीन बाजूंनी काच, वर झाकण. पुढच्या काचेवर तांबड्या रंगात "शुद्ध तुपातील" अशी अक्षरं होती. मी म्हटलं, ती खरवडून टाका. ते म्हणाले, "राहू द्या, बाई. बेडकाले वाचता येत नाई." वाचता येणाऱ्या माणसांचं काय होईल याचा विचार त्यांनी केला नाही. पुढे जो कोणी येई तो आधी ती अक्षरं वाचे, मग त्यांच्यामागे बसलेला बेडूक पाही, आणि त्या दिवसापुरता गोड खायचं सोडून देई.

कपाट अंगणात मांडून काम सुरू झालं. त्या आठवड्याचं माझ्या वहीतलं पान अजून आहे. आमच्या घरून त्यांच्या घरी गेलेल्या वस्तू: गव्हाची चाळणी, रेती चाळायला. कोळसे, अर्धी टोपली. माठाचं फुटकं बूड, एक. कात्री. लुगड्याचा जुना काठ. तांब्याची लहान झारी, माझ्या आईनं दिलेली. यांतली कात्री परत आली. झारीबद्दल विचारलं की ते म्हणत, "हाय नं, सुखात हाय."

"कोळसा कशाला? बेडकांना शेगडी पेटवून देणार आहात का?" मी विचारलं.

"खाली गिट्टी, म्हंजे पानी तुंबत नाई," ते बोटांवर मोजत सांगू लागले. "गिट्टीवर कोळसा, म्हंजे वास मारत नाई. मंग रेती. मंग माती. माती मळ्यातली हाय, टोपलीत बेडकाखाली आनली."

"आणि त्यावर?"

"त्यावर काय ते पाहू. घाई कायले?"

"घाई कायले" हा त्यांचा पालुपदाचा शब्द. गल्लीत आग लागली असती तरी त्यांनी आधी तो म्हटला असता आणि मग बादली शोधली असती.

मातीवर शेवाळ हवं होतं. ते आमच्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर होतं. मला न विचारता ते दोराला धरून आत उतरले आणि चाकूनं शेवाळ खरवडत बसले. दगडांच्या फटीत नाजूक हंसराज उगवतो, तोही मुळासकट काढू लागले. इतक्यात समोरच्या गोदाकाकू पाणी भरायला आल्या. त्यांनी घागर सोडली तर विहिरीतून कुजबुजता आवाज आला, "हळू सोडा, बाई. डोक्यावर येते." गोदाकाकूंची दातखीळ बसली. कांदा हुंगवून त्यांना शुद्धीवर आणलं, तेव्हा उकंडराव ओलेचिंब, छातीशी शेवाळ धरून उभे होते आणि म्हणत होते, "म्या तं हळूच बोललो."

गोदाकाकूंनी हे मनात ठेवलं. पुढे कामी आलं.

नागवेलीची मळ्यातून आणलेली दहा-बारा कांडी त्यांनी त्या मातीत लावली आणि काड्यांना माझ्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्यांनी बांधली. मग ही काचेची पेटी चौघांच्या मदतीनं पडवीत नेली. उरलेली मांडामांड त्यांनी आत केली, दाराआड, महिनाभर. आणि त्यानंतर पायतनाचा नियम निघाला.

बेडूक सहा. चार पाण्यातले, हिरवट, गुळगुळीत, सदा उडीच्या तयारीत. दोन कोरड्यातले, मातीच्या रंगाचे, अंगभर चामखिळी, उडी मारण्याचा कंटाळा असलेले. या दोन जातींचं जमत नसे.

"एकाले पानी पाह्यजे, एकाले सावली," ते सांगत. "एका घरात ठेवाचे तं दोन कोपरे लागते, बाई. भाऊभाऊच ते. पन दोन कोपरे लागते."

"माणसांनाही लागतात," मी उंबऱ्यावरून म्हटलं. ते एकदम उठून झारी भरायला निघून गेले. मला वाटलं, त्यांना विनोद कळला नाही.

बेडकांचं खाणं ही गल्लीची जबाबदारी झाली. किडे, गांडुळं ते स्वतः आणत. पण खरी आवड वाळवीची. ते घरोघर जाऊन विचारत, "वाळवी हाय काय घरात?" आम्ही जसं विचारतो विरजण आहे का, तसं.

"आमच्या घरी वाळवी नाही," मी ठणकावलं.

"नीट पाहा. असन."

"नाही म्हणते ना!"

"मास्तरच्या पुस्तकाच्या फळीमागं पाहा बरं एखाद्या डाव."

होती. बोटभर जाडीची. यांच्या सगळ्या जुन्या हजेरीपटांचा भुगा झाला होता. मी लाजेनं अर्धमेली. पण हे भलतेच खूष. दर रविवारी एक हजेरीपट काखेत मारून हे उकंडरावांकडे जात, पायांतलं काढत, आणि बेडूक हजेरीपट कसा खातात ते पाहत बसत. परत आले की म्हणत, "फार सुंदर केलंय हो आत. एकदा आत जाऊन बघ."

"वहाणा काढून?"

"काढल्या तर काय होतं?"

"बेडकांपुढे?" मी म्हणत असे, आणि तो विषय तिथेच संपे.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी आषाढ अर्धा उलटला तरी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ओढे आटले, नाल्यांत भेगा पडल्या, आमची विहीर तळाला गेली. घागर सोडली की आधी दगड वाजे, मग पाणी. मी यादी नव्यानं केली: घरागणिक चार घागरी, एकट्या माणसाला दोन. एकटा माणूस गल्लीत एकच होता.

पाऊस लांबला की आमच्याकडे धोंडी काढतात. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, मधोमध जिवंत बेडूक बांधायचा, दोघांनी ते खांद्यावर घेऊन घरोघर फिरायचं. घरातल्या बायकांनी त्यावर पाणी ओतायचं. बेडूक भिजला की वरच्याला दया येते, असं म्हणतात. आता त्या वर्षी अडचण अशी झाली की गावात बेडूकच उरला नव्हता. जे होते ते काचेत होते, "शुद्ध तुपातील" या अक्षरांमागे.

तालमीतला मारोती आठ-दहा जणांना घेऊन आला. सगळे तगडे गडी. उकंडराव दारातच म्हणाले, "पह्यले पायतन काढा," आणि दहाच्या दहा जणांनी मुकाट्यानं काढलं. मग पडवीत जे भांडण झालं तसं भांडण मी आयुष्यात ऐकलं नाही. सगळं कुजबुजत. मी उंबऱ्याबाहेर होते म्हणून कानामागे हात धरून ऐकावं लागलं.

"काका, एक बेडूक द्या."

"नाई."

"गावासाठी पाह्यजे नं!"

"गावानं आपले बेडूक कायले मरू देल्ले?"

"सहा हाय तुमच्यापाशी. एकानं काय होते?"

"कोनता नेतं? बोट दाखव."

मारोतीनं काचेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोट काही वर झालं नाही. शेवटी म्हणाला, "कोनताई द्या. संध्याकाळी वापस आनून देतो."

"मुसळाले बांधलेला बेडूक वापस येते काय, मारोती? म्या पन्नास वर्सात नाई पाह्यला."

"मंग धोंडी काढाची कशी? लोक आमाले शिव्या देतीन."

उकंडरावांनी पेटीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "मले बांधा."

त्यांना कोणी बांधलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेला निंबाचा पाला, गळ्यात निंबाचा पाला, डोक्याला निंबाचा पाला असे उकंडराव धोंडी होऊन निघाले. मागे मारोतीची मंडळी "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत, ढोलकं वाजवत. प्रत्येक अंगणात उकंडराव बेडकासारखे उकिडवे बसत. इथपर्यंत सगळं यथासांग. फक्त त्यांच्या काखेत एक बादली होती.

पहिलं घर गोदाकाकूंचं. त्यांनी तांब्या वर उचलला, तर धोंडी म्हणाली, "अंगावर कायले वाया घालता, बाई? बादलीत टाका."

"अवो, डोक्यावर ओताचं असते!"

"डोक्यावर चार थेंब शितोडा. बाकी बादलीत."

"हे कोनती रीत हाय?"

"पानी पानीच हाय. पोचन वर."

चौथ्या घरी बादली भरली. उकंडरावांनी डोक्यावरचा पाला काढून मारोतीच्या हातात दिला, बादली उचलली, आणि सांडू न देता सावकाश घरी निघून गेले. ढोलकंवाला आणखी थोडा वेळ वाजवत राहिला. धोंडीच नाही म्हटल्यावर तोही थांबला.

आठ दिवस गेले, पाऊस नाही. आता गावाला कारण सापडलं होतं. धोंडी कोरडी राहिली म्हणून पाऊस आला नाही. गोदाकाकूंनी विहिरीवर पाचही घरच्या बाया जमवल्या.

"आमच्या लेकराले प्याले पानी नाई, अन् याचे बेडूक न्हाऊन राह्यले! मास्तरीणबाई, तुमच्या यादीतून नाव काढा त्याचं."

"नाव कसं काढता येईल? माणूस आहे तो."

"मंग मानसापुरतं द्या. बेडकाचं कायले देता?"

मुद्दा बिनतोड होता. माझ्या यादीत बेडकांना रकाना नव्हता. मी पेन्सिल घेतली आणि उकंडरावांच्या नावापुढच्या दोन घागरींची एक केली. संध्याकाळी स्वतः जाऊन सांगितलं. माझी पद्धत आहे; कमी केलेलं तोंडावर सांगावं.

त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाय, बाई," म्हणाले. "तुमची यादी साफ असते."

भांडले असते तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार करून नेली होती, चार होती, एकही वापरता आलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या घरातून धूर येत नाही. चौथ्या दिवशीही नाही. उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. उकंडराव पेटीपुढे बसून माझ्या आईच्या झारीनं थेंब थेंब पाणी शिंपडत होते. शेजारी द्रोणात फुटाणे. ओठ फुटून त्यांची सालं निघाली होती.

"चूल का पेटली नाही?"

"फुटाने बरे लागते मले."

"आणि पाणी? घागरभर पाणी देते मी. ते कुठे जातं?"

त्यांनी झारी पुन्हा तिरपी केली. ते कुठे जातं ते समोरच दिसत होतं.

"उकंडराव, घागर तुमच्यासाठी आहे, बेडकांसाठी नाही."

"मानसाले सांगता येते नं, तहान लागली म्हनून," ते म्हणाले. "याहिले कोठं सांगता येते?"

"सांगता येतं तर तुम्ही सांगितलंत का? कोणाला?"

झारी थांबली.

मला राग आला होता. राग आला की मी कामाचं बोलते. "नथुजीच्या विहिरीला पाणी आहे. साऱ्या वाटेवर तीच एक विहीर आहे जी आटत नाही. भावाला निरोप पाठवा."

"तिथलं पानी मले नको."

"तुम्हाला नको असेल. बेडूक तिथलेच आहेत ना? त्यांचं काय भांडण आहे त्या विहिरीशी?"

ते काचेकडे वळले. मग अगदी खालच्या आवाजात, मलाही जेमतेम ऐकू येईल असं, म्हणाले, "त्यानं इचारलं नाई मले."

एवढंच. पुढे काही काढता आलं नाही.

घरी येऊन मी यांना म्हटलं, उद्या रविवार आहे, बंडी सांगा. हे म्हणाले, कुठे? मी म्हटलं, मळ्यावर. शेजारी फुटाणे खाऊन मेला तर माझी यादी चुकली असं लोक म्हणतील.

मळ्यावर गेलो तर मळा नव्हताच. विहीर होती, मोटेच्या बैलांची उतरती धाव होती, आणि पुढे नांगरून ठेवलेलं काळं उघडं रान, पेरणीची वाट पाहत. त्यात नथुजी डोक्याला हात लावून बांधावर बसला होता. उकंडरावांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण आता थोरला वाटावा असा. मी पाण्याचं सांगितलं, फुटाण्यांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"तुमच्या वाटणीबद्दल गावात सांगतात," मी म्हटलं, "की त्यांनी बेडूक मागून घेतले."

"कायची वाटनी, बाई? आमची वाटनी कधी झालीच नाई." त्यानं मान वर केली. "वहिनी वारली. दादा तिच्या अस्थी घेऊन गोदावरीवर गेला. इकडं वेलाले मर लागली. आज एक ओळ पिवळी, उद्या दोन. म्या पाह्यलं, काही राहत नाई. सारा मळा उपटला, जाळला, अन् कपाशीसाठी नांगर घातला. दादाले सांगतलं असतं तं त्यानं एक वेल उपटू देल्ला नसता. म्हनून नाई सांगतलं."

"मग?"

"वापस आला तं समोर हे असं." त्यानं हातानं रान दाखवलं. "बायको गेली अन् मळाई गेला, एका पंधरवड्यात. मले एक शब्द बोलला नाई. टोपली घेतली, पाटाच्या चिखलात बेडूक राह्यले होते ते उचलले. इहिरीच्या मांगं चार वेल जिते होते, त्याच्या कांड्या तोडल्या. अन् जाता जाता म्हने, 'माही वाटनी घेतली म्या.' तं लोकाइनं त्याचं हे केलं."

परतीच्या वाटेवर हे काही बोलले नाहीत. मीही नाही. आमच्या घरी असं क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नथुजीची बंडी गल्लीत आली. दोन पिंपं भरून पाणी. एक त्यानं गोदाकाकूंच्या दारापुढे सहाही घरांसाठी उतरवलं, त्यामुळे गोदाकाकूंना बोलायला काही उरलं नाही. दुसरं उकंडरावांच्या अंगणात. मी मागोमाग गेले. पिंप नीट लागलं की नाही हे पाहायला कोणीतरी हवंच.

पडवीत उकंडराव पेटीपुढे बसलेले. त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा काचेकडे तोंड केलं. "पायतन काढा" म्हणाले नाहीत. 

नथुजीनं अंगणातच पायतन काढलं. कोणी न सांगता. एवढंच नव्हे, खांद्यावरच्या पंच्यानं दोन्ही तळपाय पुसले, आणि मग उंबरा ओलांडला.

"तुम्हाला कोणी सांगितलं हो वहाणा काढायला?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखा होता, म्हणजे मोठा.

त्यानं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "पानमळ्यात पायतन घालून कोन जाते, बाई?"

मग तो काचेपुढे उकिडवा बसला. थोरल्या भावासारखाच. दोन पाठी शेजारी शेजारी, एकीची हाडं दुसरीपेक्षा जास्त वर आलेली.  मग नथुजीचं बोट काचेवर टेकलं.

"ही इहीर."

"हं."

"अन् ही धाव."

"जागा कमी पडली. अर्धीच केली."

"हा कोपऱ्यातला पांगारा काय?"

"हदग्याची काडी हाय. पांगारा लागला नाई."

"पाट बरोबर वळवला. तिथं दगड होता एक."

"दगडाखालीच बसला हाय तो. पाह्य. खडबड्या." उकंडरावांच्या आवाजात दोन वर्षांत मी न ऐकलेलं काहीतरी होतं. "तिथंच राहे तो मळ्यात. इथं आनला तं पह्यल्या दिवशी धुंडत धुंडत तिथंच जाऊन बसला."

नथुजी काचेच्या आणखी जवळ गेला. बोटानं ओळी मोजू लागला. एक, दोन, तीन. चौथीवर थांबला.

"दादा, ही ओळ वाकडी हाय."

"असू दे."

"बाकी साऱ्या दोरीत. हेच कायले वाकडी लावली?"

"तू लावली होती."

नथुजीचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

"आठ वर्साचा होता. हट्ट करून लावली, एकट्यानं. बाबा म्हने उपटू, सरळ करू. म्या नाई करू देल्ली." उकंडरावांनी झारी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तशीच होती तीस वर्सं. तं म्या तशीच लावली."

नथुजीनं कपाळ काचेला टेकवलं. बरोबर "शुद्ध" आणि "तुपातील" यांच्या मधे. त्याचे खांदे हलत होते. आत एक हिरवा बेडूक उडी मारून पाण्यात गेला, तेवढाच आवाज झाला.

"मर नाई लागली याले," बऱ्याच वेळानं उकंडराव म्हणाले. "दोन वर्सं झाले. पाह्य पान कसं हाय."

"कांडी देशीन?" नथुजीनं कपाळ न उचलता विचारलं.

"पाऊस पडू दे. घाई कायले?"

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. दोन वर्षं तिथेच उभी होते. तिथून काचेवर उन्हाची तिरीप दिसत होती आणि तिच्यामागे हिरवं काहीतरी. विहीर दिसत नव्हती, पाट दिसत नव्हता, चौथी ओळ तर नाहीच.

मी वहाणा काढल्या. एक अंगणात इकडे पडली, एक तिकडे. मी असं कधी करत नाही. आत पाऊल टाकलं. जमीन गार होती.

पायरव ऐकून उकंडरावांनी सवयीनं तोंड उघडलं, "पह्यले पाय..." मग त्यांची नजर माझ्या पायांवर गेली आणि तोंड मिटलं. ते भावाकडे थोडे सरकले. मधे माझ्यापुरती जागा झाली.

"इथून पाहा, बाई," ते कुजबुजले. "इथून इहीर दिसते."